निंब वाजवून पाहणारा सभासद

ज्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे, त्यांचे नाव छापण्याची परवानगी मी त्यांच्याकडे रीतसर मागितली होती. "नाव कायले पायजे?" असे ते म्हणाले. "रेल्वेत बी मले कोनी नावानं हाक मारली नाई." सबब नाव देत नाही. गावाचेही देत नाही, कारण या हकिकतीतील सर्व मंडळी हयात असून त्यांपैकी निम्मी माझी अशिले आहेत. मालेगाव आणि जऊळका यांच्या आसपासचे, चावडी, पोलीस चौकी आणि ग्रामपंचायत एकाच रस्त्यावर असलेले एक बाजाराचे गाव, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

माझ्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. मी अर्जनवीस. सातवीच्या परीक्षेच्या ऐन वेळी हिवताप आल्यामुळे माझे शिक्षण कागदोपत्री अपुरे राहिले. परंतु पंचक्रोशीतून तहसिलीत जाणाऱ्या कागदांची भाषा ही गेली अनेक वर्षे माझी भाषा आहे, हे तहसिलीतले कारकूनही मान्य करतात. लोक मला मुनशीजी म्हणतात. मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी, झाडे आणि पाणी यांची काळजी गावाने वाहावी म्हणून आमच्या ग्रामपंचायतीने वृक्ष व पाणी जतन समिती नेमली, तेव्हा तिचे मानसेवी चिटणीसपद माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. पाच सभासद होते. चौघांना सरपंचांनी नेमले. पाचवे आपण होऊन आले. तेच हे.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले कीमन. रूळ ज्या चाव्यांनी स्लिपाटांवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडांवर, घट्ट बसवलेले असतात, त्या सैल झाल्या की काय हे पाहत, हातोडीने ठोकत, रोज लाइनीवरून मैलोगणती चालत जाणारा जो माणूस, तो कीमन. तीस वर्षे त्यांनी जऊळक्याच्या दोन्ही बाजूंना हेच काम केले आणि पेन्शन घेऊन आमच्या गावी बुद्धविहारामागे घर बांधले. गावाने त्यांना कीमनबाबा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी हरकत घेतली नाही.

त्यांची चाल पाहण्यासारखी होती. एका स्लिपाटावरून दुसऱ्यावर पाय टाकण्याची तीस वर्षांची सवय पायांत मुरलेली असल्यामुळे त्यांची सगळी पावले अगदी एका मापाची पडत. शेतात, बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. घाई असली तर पाऊल लांब पडत नसे, नुसते लवकर पडे. चालत ते नेहमी रस्त्याच्या मधोमध. मागून एस.टी. आली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर आधी ते मागे वळून ती कोणती गाडी आहे हे पाहत, मग बाजूला होत आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत तिच्याकडे तोंड करून ताठ उभे राहत. स्वतः मात्र ते एस.टी.त बसत नसत. "तिच्याखाली रूळ नाई," असे कारण सांगत. "मनाले यीन तिकडं वयन थे."

दुसरी सवय ठोकण्याची. रेल्वेची हातोडी त्यांनी रेल्वेला परत केली होती; पण गावच्या लोहाराकडून तशीच, जरा लहान, एक करवून घेतली होती आणि ती कमरेला असे. हॉटेलात चहा आला की ते कपाला नख मारून बघत आणि कप तडकलेला असला तर चहा न पिता परत करत. माठ, दाराची चौकट, मोटेचे चाक, बैलगाडीची धाव, जे समोर येईल ते वाजवून, मान तिरकी करून ऐकत. लग्नाळू मुलांच्या बापांनी त्यांना चेष्टेने "पोरगी बी वाजवून द्या बाबा" असे म्हटले, तर ते गंभीरपणे म्हणत, "पोरगी चांगलीच असते. पोराले आना."

समितीच्या पहिल्याच सभेला त्यांनी येऊन आधी कुणाला जयभीम केला नाही. प्रथम सगळ्या खुर्च्या वाजवल्या. नंतर जयभीम करून सरपंचांना म्हणाले, "भाऊ, तुमची खुर्ची बदला. डाव्या पायात दम नाई."

सरपंच हसले. "खुर्चीत नसला तरी बसनाऱ्यात हाय, बाबा."

दुसऱ्या सभेत सरपंच वृक्षांच्या महत्त्वावर बोलत असता ती खुर्ची डाव्या अंगाने खाली बसली. सरपंचांना लागले नाही. परंतु त्या दिवसापासून, कीमनबाबा बोलू लागले की ते भाषण थांबवून ऐकत. मी इतिवृत्तात "आसनाच्या दोषामुळे सभा काही काळ स्थगित" असे लिहिले आहे.

या समितीच्या सभासदांना भत्ता नव्हता. चहा आणि पोहे मिळत, आणि खरे सांगायचे तर तीन सभासद त्यासाठीच येत. कीमनबाबा पोहे घेत नसत. सभेच्या तासभर आधी येऊन पायरीवर बसत. एकदा मी विचारले, "बाबा, तुम्हाला नेमलेले नव्हते. आपण होऊन हे काम का मागितलेत?"

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले,

"मी तीस साल लाकडावर चाललो, मुनशी. एका झाडाचे किती स्लिपाट निंगत असन? चार? पाच? म्हंजे जऊळक्यापासून पार पुढच्या टेसनापर्यंत एक जंगल आडवं पडून हाय. त्याच्यावर पाय देत देत मी पेन्शनीले आलो. आता चार झाडं उभी करून पाह्यतो."

मी ते वाक्य इतिवृत्तात घेऊ का, असे विचारले. नको म्हणाले.

मला वाईट वाटण्यासारखी एक गोष्ट त्यांच्यात होती. माझ्या लेखनाविषयी त्यांना आदर नव्हता. पावसाळ्याच्या तोंडी नाल्याकाठी रोपे लावण्याचा ठराव झाला, तो मी चार पाने लिहिला. ज्या सभासदाला सही करायची त्याने ठराव वाचावा किंवा ऐकावा, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखवला. डोळे मिटून त्यांनी सगळा ऐकला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन पानी कोन टाकनार, थे कुठं लिवलं?"

"'रोपांचे यथोचित संगोपन व्हावे' असे तिसऱ्या पानावर आहे," मी म्हणालो. "पाणी त्यात अंतर्भूत आहे."

"अंतर्भूत पानी झाडाले पोचत नाई जी."

सरपंच हसले, बाकीचे तिघे हसले. मी हसलो नाही. परंतु नंतर प्रत्येक रोपापुढे पाणी घालणाऱ्या घराचे नाव लिहिले, आणि त्या वर्षी नाल्याकाठची बहुतेक रोपे जगली हे मला नमूद केले पाहिजे. त्या रोपांवर कीमनबाबांनी चुन्याने आकडे घातलेले डांबरी पत्रे लावले होते, रेल्वेच्या खांबांवर असतात तसे. रोज सकाळी ते त्या क्रमाने चालत जात आणि परत येताना कोणत्या घराने पाणी घातले नाही हे त्या घराच्या दारात उभे राहून सांगत. "बाई, तुमचं सात नंबर तहानलं," एवढेच. भांडत नसत. पाणी पडेपर्यंत दारातून हलतही नसत.

शेळ्यांसाठी त्यांच्याकडे रेल्वेचे दोन झेंडे होते, तांबडा आणि हिरवा. गयाबाई नावाची एक म्हातारी शेळ्या घेऊन नाल्याकडे निघाली की ते वाटेत तांबडा झेंडा धरून उभे राहत.

"बाबा, बकरीले झेंडा समजते का?"

"बकरीले नाई समजत. तुले त समजते ना?"

"मले समजते. पन झाड खानारी मी नाई."

"मंग खानारीले तू समजाव."

असे दोघांचे चाले. आठवडाभरात गयाबाई आपण होऊन झेंड्यापाशी थांबू लागली. आणि एक दिवस रोपांना काट्यांचे कुंपण लागल्यावरही ती वाटेत उभीच आहे असे मी पाहिले. कीमनबाबा झेंडा हातात घेऊन कुणाशी तरी बोलत होते. "हिरवं दाखव ना बाबा," ती म्हणत होती, "घरी सैपाक पडला हाय." त्यांनी माफी मागून हिरवा दाखवला, तेव्हा ती गेली.

आता मुख्य प्रकरण.

आमच्या बाजाररस्त्याच्या दक्षिण अंगाला अकरा निंब होते. जुने, जाड, माणसाच्या कवेत न मावणारे. एकाखाली न्हावी, एकाखाली चांभार, एकाखाली सायकल दुरुस्तीवाला, असे प्रत्येकाखाली कुणी ना कुणी बसत असे. चावडीजवळच्या शेवटच्या निंबाखाली मी. त्याच्या खोडाला माझी पाटी होती, एक टेबल, एक माझी खुर्ची आणि अशिलांसाठी एक बाकडे. चौदा वर्षे मी त्या झाडाकडे पाठ करून बसलो होतो.

एके दिवशी आरा मशीनवाले शेठ माझ्याकडे आले. लाकूडकामासाठी त्यांना ते निंब हवे होते. "मुनशीजी, तुमचं सोडून दहा झाडं मांगायची हायेत. पोकय झाली, बाजारच्या दिवशी लोकाइच्या डोक्यावर पडतीन, असं लिवा. जोरदार लिवा."

अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. वकील ज्याप्रमाणे अशिलाची बाजू मांडतो, त्याप्रमाणे मीही मांडतो. ती खरी की खोटी हे ठरवणारे दुसरे लोक असतात. मी लिहिले आणि ते चांगले उतरले. मात्र 'दहा झाडे' हे शब्द त्या लेखनात फार लहान वाटू लागले, म्हणून मी लिहिले: "सदरहू रस्त्याच्या दक्षिण अंगाचे समस्त निंबवृक्ष अंतर्यामी पोकळ होऊन केवळ सालीच्या आधाराने उभे आहेत." शेठजींना ते वाक्य इतके आवडले की त्यांनी ते दोनदा वाचून घेतले. समस्तमध्ये माझ्या पाठीमागचा निंबही येतो, हे त्यांच्या लक्षात आले नाही आणि माझ्याही आले नाही. मी समोरचे दहा पाहत होतो.

चार दिवसांनी तहसिलीतून चौकशीचा कागद समितीकडे आला. चिटणीस या नात्याने तो मीच फोडला. "दक्षिण अंगाचे निंब, एकूण नग अकरा." मी उठून उभा राहिलो आणि चौदा वर्षांत प्रथमच त्या झाडाकडे तोंड करून नीट पाहिले.

त्याच दिवशी मी स्वतःच्या नावाने हरकतीचा अर्ज दाखल केला. नऊ मुद्दे होते. अकरावा निंब सर्वांगाने भरीव, निरोगी आणि लोकोपयोगी असून उर्वरित दहांपासून तो वेगळा गणला जावा, असा त्याचा सारांश होता.

सभेत सरपंचांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"मुनशीजी, हे बी तुमचं अन् थे बी तुमचंच अक्षर?"

"अक्षर एक असले तरी अर्जदार भिन्न आहेत," मी म्हणालो.

"यात लिवलं सारे झाडं पोकय. अन् यात लिवलं तुमचं भरीव."

"दोन्ही विधाने आपापल्या अर्जात योग्य आहेत."

कीमनबाबा कोपऱ्यातून म्हणाले, "मुनशीले कायले इचारता? झाडाले इचारू."

बुधवारी सकाळी पाहणी झाली. सरपंच, सभासद, शेठजी, त्यांचे दोन करवतवाले आणि काम नसलेले अर्धे गाव हजर होते. कीमनबाबांनी पहिल्या निंबापासून सुरुवात केली. हातोडीचा एक घाव गुडघ्याच्या उंचीवर, एक कमरेच्या, एक छातीच्या. मग खोडाला कान लावून ऐकायचे. मग दुसऱ्या बाजूने तेच. एकेका झाडाला पाव तास. न्हाव्याने गिऱ्हाईक तसेच अर्धी दाढी करून ठेवले आणि पाहायला आला. दहाव्या झाडापर्यंत दुपार झाली. दहाही झाडांना त्यांनी एकच शब्द दिला: "भरीव."

मग ते माझ्या निंबापाशी आले. माझी पाटी बाजूला सरकवून त्यांनी ठोकले. ऐकले. परत ठोकले. माझे टेबल सरकवायला सांगून मागच्या बाजूने ठोकले. नंतर माझ्याकडे न पाहता सरपंचांना म्हणाले, "हे पोकय हाय."

गर्दी हसली. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण नवव्या मुद्द्याचा उल्लेख केला असावा.

शेठजी मात्र पुढे आले. "बाबा, झाड म्हंजे काय रूळ हाय? ठोकलं अन् समजलं? तुमच्या कानावर सरकारी काम चालते का?"

हा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने वजनदार होता. सरपंचही विचारात पडले. समितीने जो अभिप्राय द्यायचा, तो कशाच्या आधारावर द्यायचा? कीमनबाबा म्हणाले, "हे एक तोडा. पोकय निंगालं, त बाकीच्या दहाले कोनी हात लावाचा नाई. भरीव निंगालं, त मी बोललो थे सारं खोटं. मंग अकराही न्या."

शेठजींनी माझ्या निंबाच्या हिरव्यागार शेंड्याकडे पाहिले, त्याच्या रुंद बुडाकडे पाहिले आणि लगेच कबूल केले. सरपंच म्हणाले, "लिवा मुनशीजी, ठराव लिवा."

मी दौत उघडली. त्या झाडाखालीच, त्या टेबलावरच मला तो लिहायचा होता. "सर्वानुमते" एवढे लिहून हात थांबला.

"काहून थांबले, मुनशी?" कीमनबाबांनी विचारले. "तुमची सावली जाते म्हून का?"

"ठराव लिहिताना माझा हात थांबत नसतो," मी म्हणालो. "शाई वाळली होती."

मी तो लिहिला. अडीच ओळींत लिहिला. त्याहून अधिक सुचले नाही.

सही घेण्याच्या निमित्ताने मी त्यांना चावडीच्या ओट्याशी गाठले आणि हळूच विचारले, "बाबा, आपल्याला खात्री आहे ना?" जिवंत झाड त्यांना ठोकताना मी त्या दिवसापूर्वी कधीच पाहिले नव्हते, हे मला उशिरा आठवले होते.

"लोखंडाची असते," ते म्हणाले. "खुर्चीची बी असते. झाडाची पैल्यांदाच पाहून राह्यलो."

"मग एवढी मोठी बोली केली कशाला?"

"दहा जातच व्हते, मुनशी. तुमच्या अर्जावर. आता एकावर आलं." आणि त्यांनी सही केली, प्रत्येक अक्षर सुटे, सारख्या अंतरावर.

मी त्या रात्री झोपलो की नाही हा प्रश्न अलाहिदा. परंतु सकाळी उठल्यावर माझ्या स्थितीचा मी विचार केला, आणि ती चमत्कारिक होती. चार दिवसांपूर्वी मी लेखी दिले होते की माझा निंब भरीव आहे. तो वाचवण्यासाठी नऊ मुद्दे मांडले होते. आता तो जाणार हे ठरलेच होते. आणि तो भरीव निघाला तर त्याच्या पाठोपाठ दहा जाणार, न्हावी उन्हात, चांभार उन्हात, सगळा बाजाररस्ता उघडा. आणि ते दहा जाणार होते ते माझ्या हातच्या एका चांगल्या वाक्यापायी. माझी बैठक तर गेलीच होती. आता ते झाड आतून सडलेले असावे, अशी इच्छा करणारा गावातला पहिला माणूस मीच होतो.

माझी पाटी मी स्वतः उतरवली. टेबल चावडीच्या भिंतीशी लावले. करवतवाल्यांनी दोर बांधले, फांद्या उतरवल्या आणि दुहेरी करवत बुंध्याला लावली. एक ओढतो, दुसरा सोडतो. पांढरा, दमट, वासाचा भुसा पडू लागला. निरोगी लाकडाचा भुसा. चार बोटे आत गेली, पांढराच. वीतभर गेली, पांढराच. शेठजींनी हॉटेलवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला. सायकलवाल्याने आपला पंप आणि पेटी उचलून घरी नेण्याची तयारी केली.

"काय बाबा?" शेठजी म्हणाले. "बोलून नाई राह्यले?"

कीमनबाबा जमिनीवर उकिडवे बसले होते, डोळे मिटून. ते झाडाकडे पाहत नव्हते. करवत ऐकत होते. चहाचा कप त्यांच्या हातात दिला तर तो त्यांनी न वाजवताच खाली ठेवला, यावरून त्यांची अवस्था मला समजली. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. तसे मी पूर्वी कधी केले नव्हते.

करवत आणखी चार बोटे गेली. मग त्यांनी डोळे उघडले.

"दम घ्या जरा," ते करवतवाल्यांना म्हणाले. "आता एकदम सैल जाईन. हात कापन."

करवतवाले हसले आणि ओढू लागले. तिसऱ्या ओढीला करवत ओल्या मातीत जावी तशी आत गेली आणि पलीकडचा माणूस पाठीवर पडला. पांढऱ्याऐवजी तांबडी भुकटी आली. तिच्यामागून मुंग्या आल्या, काळ्या, अंडी तोंडात धरलेल्या, आणि त्या येतच राहिल्या. झाड पडले तेव्हा आत पाण्याचा रांजण उभा राहील एवढी पोकळी होती. चावडीच्या बाजूला नुसती वीत-दीड वीत जाडीची भिंत राहिली होती. जिथे माझी पाठ टेकत असे, तिथे तर हात घातला की आरपार जाईल असे होते.

मग न्हावी म्हणाला, "मुनशीजी, तुमी चौदा वर्सं कोनाच्या भरोशावर बसले व्हते?"

सगळे हसले आणि त्या वेळी मीही हसलो. सायकलवाल्याने पंप परत खाली ठेवला. शेठजी पोकळीत डोकावून आले. माणूस मनाने वाईट नव्हता. कीमनबाबांपुढे बसून म्हणाले, "बाबा, आमच्या आरा मशीनवर या ना. लाकडं वाजवून देत जा. मान ठेवीन तुमचा."

"मेलेलं आता पुरे झालं," कीमनबाबा म्हणाले आणि आपला चहा मागितला. तो गार झाला होता. तरी प्याले.

दहा निंब वाचले. समितीचा अभिप्राय मी लिहिला आणि तो मान्य होऊन आला. गावात कीमनबाबांचा फार गौरव झाला. परंतु माझे काय झाले, इकडे कुणाचे लक्ष गेले नाही. मी चावडीच्या भिंतीशी, डोक्यावर ओला पंचा घेऊन उन्हात बसू लागलो. अकरा वाजल्यानंतर तिथे अशील थांबेना. अर्ज सांगता सांगता लोक अर्ध्यात "उरलेलं तुमीच लिवून टाका" म्हणून निघून जात. दुसऱ्या निंबाखाली जावे, तर जुन्या झाडांच्या मुळांशी कुणालाही नवी बैठक देऊ नये असा समितीचा ठराव होता. तो माझ्याच हातचा होता आणि त्याला पळवाट ठेवलेली नव्हती. चिटणीसानेच तो मोडावा हे मला शोभणारे नव्हते. आणि स्वतःसाठी मागणे मला जमत नव्हते. दुसऱ्यांसाठी हजारो विनंत्या केल्यावर माणसाची ती शक्ती कमी होत असावी.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी कीमनबाबा येऊन माझ्यासमोर बाकड्यावर बसले. ऊन टेबलावर होते.

"एक अर्ज लिवा," ते म्हणाले. जन्मात त्यांनी कधी अर्ज केला नव्हता, हे मला ठाऊक होते.

"कुणाला?"

"समितीले."

मी पूर्ण ताव घेतला, समास सोडला आणि लिहू लागलो: "महाशय, विनंती विशेष की, अर्जदार हा..."

"थे सारं खोडा," ते म्हणाले. "मी सांगतो तसं लिवा. 'समितीनं या मानसाची सावली नेली. दुसरी द्यावी.'"

मी त्यांच्याकडे पाहिले. "कुणाची सावली?"

"आता मले इचारून राह्यले का? लिवा."

मी लिहिले. शुद्ध केले, एवढेच. "पुढे?"

"पुढं काय? सही कुठं करू?"

"बाबा, यात कारणे नाहीत. आधार नाही. विनंतीसुद्धा नाही. असा अर्ज मी माझ्या हातून जाऊ देत नसतो."

"मंग जाऊ नोका देऊ. मी नेतो." आणि त्यांनी सही करून तो कागद खरोखरच उचलून नेला.

सभेत सरपंचांनी तो वाचला आणि उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हते.

"बाबा, यात विनंती कुठं हाय?"

"विनंती कायले? नेली, त द्या लागते."

"पन ठराव हाय ना, नवी बैठक द्याची नाई म्हून."

"नवी कुठं हाय?" कीमनबाबा म्हणाले. "चौदा वर्साची हाय. जागा बदलली फक्त."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिले. चिटणीस म्हणून माझे मत द्यायला हवे होते. मी म्हणालो की या विषयात माझा हितसंबंध असल्यामुळे मी मत देत नाही. आणि हे वाक्य मी कागदाकडे पाहतच पुरे केले, ही गोष्ट मी इतिवृत्तात घेतलेली नाही. चौघांनी हात वर केले. चौथा निंब मला मिळाला, न्हाव्याच्या शेजारचा. दुपारी तीनपर्यंत त्याची सावली हलत नाही, हे कीमनबाबांनी आधीच तीन दिवस उभे राहून पाहून ठेवले होते.

आता ते इंझोरीला मुलीकडे असतात आणि तिथल्या पंचायतीत अजून अशी समिती नाही, म्हणून ती नेमवून घेण्याच्या मागे आहेत, असे ऐकतो.

ती सभा झाली त्या दिवशी दुपारीच मी चौथ्या निंबाखाली टेबल मांडले. पहिला अशील एक शेतमजूर होता. त्याच्या वस्तीवरची विहीर उन्हाळ्यात आटत असे आणि तिच्यातला गाळ काढून हवा होता. मी ताव घेतला, समास सोडला आणि नेहमीप्रमाणे विचारले की काय म्हणायचे आहे.

"आमच्या हिरीतला गाळ काढून द्यावा," तो म्हणाला. "बस."

मी लेखणी दौतीत बुडवली आणि बराच वेळ तशीच धरली. त्याच्यापुढे घालण्यासारखे मला काही आठवेना. मग मी दीड पान लिहिलेच, कारण व्यवसाय असा एका दिवसात सुटत नाही. पण पहिल्या ओळीत त्याचे ते वाक्य, तो म्हणाला तसेच ठेवले.